एस्तेर हाउलंड : कागदी जाळीची कारागीर

दरवर्षीं नाताळची सुटी जवळ आली म्हणजे आमच्या हस्तव्यवसायाच्या वर्गांत डिंकाचा वास दरवळूं लागतो. कोणी बटाटा अर्धा कापून त्याच्या तोंडावर चांदणीचा ठसा कोरीत असतो, कोणी बेगडाच्या कातरणांतून तारे वेंचीत असतो, तर कोणाच्या भेटपत्रावरील तांबडा रंग ओला असतांनाच शेजाऱ्याची बाही त्यावरून फिरलेली असते. हा सगळा खेळ आहे, याला शिक्षण म्हणत नाहींत, असें पालकांपैकीं कोणी ना कोणी दरवर्षीं आम्हांस ऐकवितातच. त्यांच्याशीं वाद न घालतां यंदा आम्ही त्यांना व त्यांच्या मुलांना एका बाईची हकीकत सांगणार आहों. कागद, कातर, डिंक व ठसे एवढ्याच साहित्यावर तिनें एक मोठा धंदा उभारला. आणि ज्या काळीं सुशिक्षित मुलीला शिक्षकिणीच्या कामावांचून कमाईचा प्रतिष्ठित मार्ग क्वचितच मोकळा असे, त्या काळीं आपल्या गांवच्या मुलींना तिनें मानाचें काम मिळवून दिलें.

एस्तेर अ‍ॅलन हाउलंड हिचा जन्म १७ ऑगस्ट १८२८ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत वूस्टर या गांवीं झाला. वडिलांचें गांवांत पुस्तकांचें व लेखनसाहित्याचें मोठें दुकान असून ते पुस्तकें प्रसिद्धहि करीत. आगबोटींच्या व आगगाड्यांच्या अपघातांवरील त्यांचा स्वतःचा एक ग्रंथ १८४० सालीं निघाला. आईनें काटकसरीच्या स्वयंपाकावर लिहिलेल्या पुस्तकाच्या तर अनेक आवृत्त्या निघाल्या. पुस्तक ही नुसती वाचावयाची वस्तु नसून ती शिवावयाची, बांधावयाची, किंमत ठरवून विकावयाचीहि वस्तु आहे, हें अशा घरांतल्या मुलांना लहानपणींच कळतें.

पुढें तिला माउंट होलिओक येथील मुलींच्या विद्यालयांत पाठविण्यांत आलें. मेरी लायन या बाईंनीं १८३७ सालीं सुरू केलेल्या या विद्यालयांत फी बेताची राहावी म्हणून स्वयंपाक, झाडलोट, धुणें, भांडीं हीं सर्व कामें मुलींनींच आपसांत वांटून घ्यावीं असा नियम होता. एकीनें कणीक तिंबावी, दुसरीनें ताटें मांडावीं, तिसरीनें तीं पुसून ठेवावीं. ज्या त्या मुलीनें आपल्या वांट्याचें काम नेमल्या वेळांत उरकलें कीं एवढें मोठें घर सुरळीत चाले. आमच्या वसतिगृहांतील मुलींना यांत नवल वाटणार नाहीं. एस्तेर हिनें १८४७ सालीं येथील अभ्यासक्रम पुरा केला. पुढें कवयित्री म्हणून जगप्रसिद्ध झालेली एमिली डिकिन्सन त्याच वर्षीं येथें दाखल झाली. आणि फेब्रुवारी १८४८ मध्यें तिनें भावाला लिहिलेल्या पत्रावरून असें दिसतें कीं, विद्यालयाच्या बाईंनीं मुलींना व्हॅलेंटाइन-पत्रें पाठविण्याची साफ मनाई केली होती. ज्या विद्यालयांत हीं पत्रें निषिद्ध, त्याच विद्यालयाच्या विद्यार्थिनीनें पुढें तीं हजारोंनीं करावीं, ही गंमतच म्हणावयाची.

व्हॅलेंटाइन-पत्र म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. १४ फेब्रुवारी हा संत व्हॅलेंटाइनचा दिवस. त्या दिवशीं आपल्या प्रीतीच्या माणसास चित्र व कविता असलेलें पत्र पाठविण्याची चाल इंग्लंडांत फार जुनी आहे. (पालकांनीं भिवया उंचावूं नयेत. आम्ही येथें पत्राच्या कारागिरीविषयीं बोलत आहों, मजकुराविषयीं नाहीं.) १८४० सालीं इंग्लंडांत एका पेनींत देशभर कोठेंहि पत्र जाऊं लागलें आणि या पत्रांचा तेथें पूर लोटला. अमेरिकेंतहि १८४५ व १८५१ सालीं टपालाचे दर उतरले. परंतु तिकडे बनणारीं पत्रें बहुतेक साधीं असत, व इंग्लंडांतून येणारीं सुंदर पत्रें सामान्य माणसाला परवडत नसत.

त्या इंग्रजी पत्रांचें सौंदर्य मुख्यतः त्यांच्या जाळीदार कागदांत होतें. ही जाळी कशी करीत तें मुलांनीं समजून घेण्यासारखें आहे. पोलादी ठशावर नक्षी कोरावयाची, त्यावर चिवट कागद ठेवून वरून जोराचा दाब द्यावयाचा, म्हणजे कागदावर नक्षी उठून येते. मग कागद ठशावर असतांनाच त्या उंचवट्यांवरून बारीक कानस किंवा घासकागद फिरविला कीं उठलेला भाग झिजून तेथें भोकें पडतात, आणि विणलेल्या लेसप्रमाणें नाजूक जाळी तयार होते. हात थोडा जड पडला तर सगळी नक्षी फाटून येते. १८३० ते १८४० च्या दरम्यान लंडनमधील कारागिरांना ही युक्ति साधली होती. अमेरिकेंत ती जाळी तेव्हां बाहेरूनच आणावी लागे.

शिक्षण संपवून घरीं आलेल्या एस्तेरला असें एक पत्र मिळालें. तें कोणा प्रियकराचें नव्हतें. वडिलांच्या व्यापारांतील एका इंग्रज स्नेह्यानें तें पाठविलें होतें. दुसरी कोणी मुलगी तें पेटींत जपून ठेवती. हिनें तें उलटसुलट करून पाहिलें, त्याचे थर न्याहाळले, आणि असें पत्र आपणांसहि करतां येईल, कदाचित् याहून चांगलें करतां येईल, असें तिच्या मनानें घेतलें. वडिलांनीं इंग्लंडांतून व न्यूयॉर्कहून जाळीचा कागद, रंगीत चित्रें व कागदी फुलें मागवून दिलीं. तिनें डझनभर नमुने तयार केले. भाऊ वडिलांच्या दुकानाचा माल घेऊन गांवोगांव फिरत असे. त्याच्या पेटींत तिनें ते नमुने ठेवले. दोनशें डॉलरांच्या मागण्या आल्या तरी पुष्कळ झालें, अशी तिची अपेक्षा होती.

भाऊ परत आला तो पांच हजार डॉलरांहून अधिक मागण्या घेऊन.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लेखक येथें आनंदानें थांबतात. आम्हांस वाटतें कीं खरी कसोटी येथूनच लागली. डझनभर पत्रें एका मुलीला सवडीनें करतां येतात. हजारों पत्रें येत नाहींत. नमुन्यांत जी सफाई दिसली तीच गिऱ्हाइकाच्या हातीं पडली नाहीं तर पुढच्या वर्षीं कोण मागणी देणार? एस्तेरबाईंनीं घराच्या तिसऱ्या मजल्यावरील खोलींत लांब टेबल मांडलें, ओळखीच्या मुलींना बोलाविलें, आणि काम वांटून दिलें. एकीनें छापील चित्रें कातरावयाचीं, दुसरीनें तीं निवडून रंगवार लावावयाचीं, तिसरीनें पाठीचा कागद तयार करावयाचा, पुढच्या मुलींनीं बाईंनीं स्वतः जुळविलेला नमुना समोर ठेवून हुबेहूब तसेंच पत्र चिकटवावयाचें. टेबलाच्या एका टोंकाला सुटे तुकडे जात व दुसऱ्या टोंकाला पुरें पत्र निघे. ही रीत त्यांना कोठून सुचली तें त्यांनीं लिहून ठेवलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु माउंट होलिओकच्या स्वयंपाकघरांत ज्या मुलीनें आपल्या वांट्याचें काम वर्षानुवर्षें केलें, तिला ती सुचण्यास फार लांब जावें लागलें नसेल, असा आमचा तर्क आहे.

ज्या बायकांना घर सोडून येतां येत नसे त्यांच्याकडे बाई एक पेटी पाठवीत. तींत नमुना आणि तशा पत्रांना लागणारें सर्व साहित्य असे. आठवड्यानें गाडी येऊन तयार पत्रें घेऊन जाई आणि बाई तीं एकेक तपाशीत. काम हलकें, जागा स्वच्छ, सोबत ओळखीची आणि मजुरीहि चांगली, असा या कामाचा लौकिक होता. पत्रांच्या बाजारांत बाईंच्या आधींहि अमेरिकेंत कांहीं लोक होते, म्हणून त्यांना अमेरिकन व्हॅलेंटाइनची जननी म्हणणें थोडें अतिशयोक्तीचें आहे. परंतु या टेबलाचें श्रेय मात्र त्यांचेंच.

पत्रांतहि त्यांनीं स्वतःच्या युक्त्या घातल्या. पांढऱ्या जाळीखालीं चकचकीत रंगीत कागदाची लहानशी चकती ठेवली, म्हणजे जाळीचें प्रत्येक भोंक रंगानें उजळतें व नक्षी नजरेंत भरते. पंख्यासारख्या घड्या घातलेल्या कागदी पट्ट्या दोन थरांच्या मध्यें चिकटविल्या, म्हणजे वरची जाळी खालच्या चित्रापासून उचलून उभी राहते. पत्र पाहतांना लहानशा कोनाड्यांत डोकावल्यासारखें वाटतें. टपालांत तेंच पत्र चपटें होऊन जातें. कविता तोंडावर न छापतां आंत चिकटविण्याची रीत त्यांनीं ठेविली. पाठीवर तांबड्या शाईनें इंग्रजी एच् हें लहानसें अक्षर छापलें जाई. हा त्यांच्या मालाचा ठसा. कांहीं पत्रें थोड्या सेंटांत मिळत, तर रेशमी फिती व रंगविलेलें कापड लावलेल्या पत्रांना पांच ते दहा डॉलर पडत. त्या काळच्या मानानें ही किंमत थोडी नव्हे, आणि कागदाच्या तुकड्याला एवढे पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचें आम्हांस आश्चर्यच वाटतें.

धंदा वाढत गेला. १८६६ सालीं बर्फावरून पाय घसरून बाईंच्या गुडघ्याला दुखापत झाली व पुष्कळ काळ त्यांना चाकांच्या खुर्चींत बसूनच देखरेख करावी लागली. १८७० सालीं त्यांनीं न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी स्थापिली. नाताळ, नववर्ष व वाढदिवस यांचींहि पत्रें तेथें होऊं लागलीं. १८७९ सालीं काम घरांतून निघून हार्वर्ड स्ट्रीटवरील कारखान्यांत गेलें. त्याच वर्षीं त्यांनीं १३१ कवितांचें एक पुस्तक काढलें. पत्र सुंदर पण आंतील कविता मनास येत नाहीं, अशी गिऱ्हाइकाची तक्रार असली तर दुकानदारानें या पुस्तकांतील त्याच्या आवडीची कविता कापून जुनीवर डकवून द्यावी, अशी सोय होती. वर्षाची उलाढाल एक लक्ष डॉलरपर्यंत गेल्याचें सांगतात.

आणि मग, १८८१ च्या सुमारास, बाईंनीं सगळा धंदा विकून टाकला. वडील आजारी होते. त्यांची शुश्रूषा करावयास घरीं कोणी हवें होतें, आणि तें काम अविवाहित मुलीच्या वांट्याला आलें. हें वाचतांना आमचें मन दोन्हीकडे ओढलें जातें. मातापित्यांची सेवा करावी हें आम्ही वर्गांत मुलांना नेहमींच शिकवितों, आणि बाईंनीं तें केलें. तरी तीस वर्षें हजारों पत्रांवरून फिरलेली ती चिकित्सक नजर टेबलापासून उठली, याची हळहळ वाटल्यावांचून राहत नाहीं. कुटुंबांत मुलगे असतांना ही पाळी मुलीवरच कां यावी, हाहि प्रश्न आमच्या मनांत येतो. त्यांनीं लग्न केलें नाहीं यावर मात्र वर्तमानपत्रें अजून जी कोटी करीत असतात, ती आम्ही येथें करणार नाहीं.

कंपनी विकत घेणारे जॉर्ज व्हिटनी हे वूस्टरचेच. ते धंद्यांत हुशार होते. त्यांनीं यंत्रें आणलीं, ठसे व जाळी आपल्याच कारखान्यांत करण्याची व्यवस्था केली, आणि पत्रें स्वस्त केलीं. पूर्वीं ज्यांना असें पत्र घेतां येत नसे त्या मुलांच्याहि हातीं तें पडूं लागलें, ही गोष्ट चांगलीच झाली. पण यंत्राच्या पत्रांतून ते कागदी थर व त्या चकत्या हळूहळू कमी होत गेल्या. व्हिटनींचा कारखाना पुढें साठ वर्षें चालून, महायुद्धांतील कागदटंचाईमुळें १९४२ सालीं बंद पडला.

एस्तेरबाई मॅसॅच्युसेट्समध्येंच क्विन्सी येथें १५ मार्च १९०४ रोजीं वारल्या. त्यांच्या वेळचीं पुष्कळ पत्रें वूस्टर येथील अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या संग्रहांत जपून ठेवलेलीं आहेत. जाळी पिंवळी पडली आहे, फितींचा रंग उडाला आहे; तरी घडीच्या पट्ट्या अजून वरचा थर उचलून धरतात. कित्येकांच्या पाठीवर तें तांबडें एच् अक्षर आहे. तें पत्र टेबलावरील कोणत्या मुलीनें चिकटविलें, तें मात्र कोठेंच लिहिलेलें नाहीं.