आदिशक्ती संत मुक्ताबाई : चरित्र परिचय

वारकरी संप्रदायात ज्या चार भावंडांचे स्मरण नेहमी एकत्र केले जाते, त्या श्रीनिवृत्तिनाथ, श्रीज्ञानेश्वर, श्रीसोपानदेव आणि श्रीमुक्ताबाई यांपैकी मुक्ताबाई सर्वांत धाकट्या. ज्ञानेश्वर महाराजांचे चरित्र कीर्तन-प्रवचनांतून घरोघरी पोहोचले आहे. मुक्ताबाईंचे चरित्र मात्र त्याच्या ओघात येते आणि तेवढ्यावरच राहते. दर्शनास येणारे भाविक, विशेषतः लहान मुलांना सोबत घेऊन येणाऱ्या माता, कार्यालयात पुष्कळदा विचारतात की, विशीच्या आसपास अंतर्धान पावलेल्या या अविवाहित मुलीस संप्रदायाने ‘मुक्ताई’, म्हणजे आई, का म्हणावे? त्यांच्यासाठी हा परिचय येथे देत आहोत.

या घराण्याचे मूळ स्थान पैठणजवळील गोदावरीकाठचे आपेगाव. तेथील कुलकर्णी गोविंदपंत यांचे चिरंजीव विठ्ठलपंत हे वृत्तीने विरक्त होते. आळंदीच्या सिधोपंतांची कन्या रुक्मिणीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु संसारात मन न रमल्याने ते काशीस गेले व तेथे त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले असता रुक्मिणीबाईंच्या कष्टी जिण्याचे कारण त्यांना कळले आणि त्यांनी विठ्ठलपंतांस गृहस्थाश्रमात परतण्याची आज्ञा केली. गुरूची आज्ञा विठ्ठलपंतांनी पाळली, पण समाजाने ती मानली नाही. संन्यासी पुन्हा संसारी झाला म्हणून हे कुटुंब वाळीत टाकले गेले. याच काळात चारही अपत्ये झाली. मुक्ताबाईंचा जन्म एका परंपरेप्रमाणे शके १२०१ (इ.स. १२७९) मधील, तर दुसऱ्या परंपरेप्रमाणे त्याच्या दोन वर्षे आधीचा मानतात. येथे आम्ही पहिली गणना स्वीकारली आहे.

मुलांच्या मुंजीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा विठ्ठलपंतांनी धर्मपीठापुढे प्रायश्चित्त मागितले. देहान्ताखेरीज या दोषास प्रायश्चित्त नाही, असा निर्णय मिळाला. आपल्या मागे तरी मुलांस समाजात स्थान मिळेल, या एकाच आशेने त्या पतिपत्नींनी प्रयागी जाऊन जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते. मागे चार पोरकी मुले उरली. त्यांतील धाकटी तर आईच्या पदरावाचून झोप न येण्याच्या वयाची होती.

आमच्या कार्यालयात मातापित्यांच्या स्मरणार्थ देणगी देऊन पावतीवर त्यांचे नाव मोठ्या आदराने लिहवून घेणारे भाविक रोज येतात. या चार भावंडांस मात्र आपल्या मातापित्यांचा उल्लेख ऐकू येई तो संन्याशाची पोरे या हिणवणीत. आईवडिलांनी प्राण दिले तरी तो डाग पुसला गेला नव्हता.

तो पुसावा म्हणून ही मुले पायी पैठणास गेली. तेथील ब्रह्मवृंदापुढे ज्ञानेश्वर महाराजांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. शके १२०९ (इ.स. १२८७) मध्ये त्यांना शुद्धिपत्र मिळाले. त्यासोबत आजन्म ब्रह्मचर्याची अट होती, असे सांगितले जाते. म्हणजे समाजाने दार उघडले ते अर्धेच. या मुलांना नवे घर, सोयरीक, लेकरेबाळे यांचा मार्ग बंदच राहिला. तेव्हा मुक्ताबाई अवघ्या आठ वर्षांच्या होत्या.

यापुढे चौघांनी एकमेकांस जे नाते दिले ते लक्षात घेण्यासारखे आहे. थोरले निवृत्तिनाथ हे बंधू तर होतेच, पण त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या परिसरात श्रीगहिनीनाथांकडून मिळालेला नाथपंथाचा उपदेश त्यांनीच तिन्ही धाकट्यांस दिला. थोरला भाऊ अशा रीतीने पित्याच्या व गुरूच्या ठिकाणी आला. आईची जागा रिकामी होती. ती सर्वांत धाकटीने घेतली.

याची पहिली खूण मांड्यांच्या कथेत दिसते. निवृत्तिनाथांस मांडे खाण्याची इच्छा झाली आणि मुक्ताबाई ते भाजण्यासाठी कुंभाराकडे खापर आणावयास निघाल्या. गावातील विसोबा चाटी यांचा या भावंडांवर राग होता. त्यांनी कुंभारांस दटावले व कोणी या मुलीस भांडे देऊ नये अशी तजवीज केली. मुक्ताबाई रिकाम्या हाताने, रडवेल्या होऊन घरी आल्या. तेव्हा ज्ञानेश्वर महाराजांनी योगबलाने जठराग्नी प्रदीप्त केला आणि मुक्ताबाईंनी त्यांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. हे चोरून पाहणाऱ्या विसोबांचा अहंकार गळाला. त्यांनी त्या मुलांच्या पानातील उच्छिष्ट प्रसाद म्हणून घेतले व पुढे ते विसोबा खेचर या नावाने संतमंडळीत आले. चमत्कार ज्ञानेश्वर महाराजांचा, हे खरेच. पण भावाला काय खावेसे वाटते हे ध्यानात घेऊन आठ-दहा वर्षांची मुलगी दारोदार भांडे मागत हिंडते, हा भाग कीर्तनात घाईने उरकला जातो. आमच्या मते कथेचा जीव तेथे आहे.

दुसरा प्रसंग ताटीचा. ताटी म्हणजे झोपडीचे कुडाचे दार. ज्ञानेश्वर महाराज भिक्षेस गेले असता कोणी अपशब्द बोलले. ज्या मुलाने पैठणच्या सभेत धीर सोडला नव्हता, त्याच्या मनाला ते शब्द लागले. ते परत येऊन झोपडीत शिरले, ताटी लावून घेतली आणि कोणाशीही बोलेनासे झाले. तेव्हा बाहेर उभ्या राहून मुक्ताबाईंनी जे विनविले, तेच ‘ताटीचे अभंग’ म्हणून प्रसिद्ध आहेत. परंपरेने त्यांची संख्या ४२ मानली जाते. भाविकांनी ते मुळातूनच वाचावेत. त्यांत त्या कधी लाडक्या बहिणीसारखी समजूत घालतात, कधी गुरूसारखे बजावतात. लोक रागावले म्हणून साधूने रागवावयाचे नसते, ज्याने सर्वांभूती एकच आत्मा पाहिला त्याला दुसरा कोण दुखावणार, असा त्या उपदेशाचा आशय आहे. शेवटी ताटी उघडली.

भाऊ त्या दिवशी खरोखर पोरका झाला होता. त्याला जवळ घ्यावयास आई नव्हती. ते काम धाकटीने केले आणि त्यानंतर भावंडांत लहान-मोठे हा हिशेब उरला नाही. ज्ञानेश्वर महाराजांस आज सारा महाराष्ट्र माउली म्हणतो. त्या माउलीची समजूत काढणारी म्हणून हिला मुक्ताई म्हटले, असा अर्थ काही कीर्तनकार सांगतात व तो आम्हांस पटतो.

शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. भावंडांची कीर्ती पसरली आणि ती योगिराज चांगदेवांच्या कानी गेली. चांगदेव हे योगसामर्थ्याने वेळोवेळी काळास परतवून चौदाशे वर्षे जगले, अशी त्यांची ख्याती. त्यांना या मुलांस पत्र लिहावेसे वाटले. परंतु मायना काय घालावा? वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने ती थोर. नमस्कार लिहावा, तर चौदाशे वर्षांचे वय आड येते. अखेर त्यांनी कोराच कागद पाठविला. तो पाहून मुक्ताबाईंनी चौदाशे वर्षे जगूनही हे कोरेच राहिले, अशा अर्थाचा शेरा मारल्याचे सांगतात. त्या शेऱ्यात मुलीचा खट्याळपणा आहे आणि परखड निदानही आहे. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानेश्वर महाराजांनी ६५ ओव्यांचे उत्तर धाडले. तीच ‘चांगदेव पासष्टी’ होय.

पुढे चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन, शिष्यपरिवारासह भेटीस निघाले आणि ही भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच चालवून त्यांना सामोरी गेली. ही कथा चित्रांतून सर्वत्र दिसते. अनेक घरांच्या देव्हाऱ्यांत हे चित्र असते. त्यातील भिंतीच्या टोकाशी बसलेली लहानगी मुलगी पाहावी. चांगदेव शरण आले, आणि त्यांना उपदेश करून शिष्य म्हणून स्वीकारले ते या मुलीनेच. मुक्ताबाईंच्या नावावर असलेल्या पाळण्याच्या अभंगात त्या चांगदेवांस आपले बाळ मानून जोजवितात. मरण चुकवीत ज्याने शतके काढली, तो त्या पाळण्यात नव्याने जन्मला. आणि जिचे बालपण कोणी जपले नाही, तिने त्याला मोठे केले. भाविकांनी चौदाशे या आकड्याचा वाद घालीत बसू नये.

मुक्ताबाईंचा परखडपणा संतमंडळीसही अनुभवास आला. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईंनी तेथील थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी, असे विचारले. मडके पक्के की कच्चे हे पाहण्यासाठी, असे उत्तर मिळताच, आमचीही मडकी पाहा, असे त्यांनी सुचविले. गोरोबाकाकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सर्व शांत राहिले, नामदेव महाराज मात्र चिडले व कच्चे ठरले. पुढे गुरूच्या शोधात ते औंढा नागनाथास गेले आणि तेथे त्यांना गुरू लाभले ते विसोबा खेचर. ज्यांनी एकदा या मुलीस कुंभाराचे भांडे मिळू दिले नाही, तेच हे विसोबा!

नामदेव महाराज रुसून घरी गेले तरी या मंडळीतील कोणी कायमचे तुटले नाही. ज्यांना सोयरीक नाकारली गेली होती, त्या भावंडांस येथे काका मिळाले, सखे मिळाले. याच मेळ्यात गंगाखेडच्या जनाबाई होत्या. लहानपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्यावर नामदेव महाराजांच्या घरी, त्यांचे वडील दामाशेटी यांच्या आश्रयास त्या वाढल्या आणि पंढरीच्या विठ्ठलालाच त्यांनी आईबाप मानले. दोन पोरक्या मुलींना एकच घर मिळाले ते असे.

शके १२१८ (इ.स. १२९६) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस संजीवन समाधी घेतली. पुढच्याच महिन्यात सोपानदेव सासवड येथे समाधिस्थ झाले. त्यानंतर गोदावरीकाठी पुणतांबे येथे शिष्य चांगदेवही गेले. या काळात मुक्ताबाईंचे खाण्यापिण्यावरून मन उडाले होते. इतरांची समजूत घालणारी ती आता स्वतःच अबोल झाली. निवृत्तिनाथ व संतमंडळी त्यांना घेऊन उत्तरेकडे तापीतीरी आली. शके १२१९ (इ.स. १२९७) च्या वैशाख वद्य पक्षात तेथे अकस्मात वीज कडाडली आणि त्या तेजात मुक्ताबाई दिसेनाशा झाल्या. थोरल्या भावाने ज्यांना वाढविले ते तिघेही त्याच्यासमोर गेले. निवृत्तिनाथांनी नंतरच्याच ज्येष्ठ महिन्यात त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. या वियोगाचे वर्णन नामदेव महाराजांच्या अभंगांत आहे. ते वाचताना मोठमोठ्या प्रवचनकारांचा कंठ दाटून येतो.

जळगाव जिल्ह्यातील कोथळी व मेहूण ही स्थाने मुक्ताबाईंच्या अंतर्धानाशी निगडित आहेत. पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखला जाणारा हा तालुका आता मुक्ताईनगर या नावाने ओळखला जातो. याच तालुक्यात तापी-पूर्णा संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. यात्रेकरूंनी दोन्हींचे दर्शन एकाच फेरीत घ्यावे.

मुक्ताबाईंची पालखी आषाढी वारीसाठी ज्येष्ठ महिन्यात मुक्ताईनगरहून निघते. खानदेश, विदर्भ व मराठवाडा ओलांडून येणारी ही वाट फार लांबची आहे. वाटेत बीड येथे पालखी आजोबा गोविंदपंतांच्या समाधिस्थानी थांबते आणि आजोबा-नातीची भेट होते. पुढे पंढरपूरच्या अलीकडे वाखरी येथे त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची, आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि सासवडहून सोपानदेवांची पालखी आलेली असते. तेथून चारही भावंडे एकाच वाटेने पंढरीस जातात.