आधी जेवण, मग अक्षरे

१८९६ साली पावसाने दगा दिला आणि मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. नागपूर ही या प्रांताची राजधानी. उत्तरेकडच्या जबलपूर, सागर, दमोह या जिल्ह्यांतून माणसे पोट भरण्यासाठी गावे सोडून निघाली. त्यांत आईबाप गमावलेल्या लहान मुली होत्या, सासरने टाकलेल्या बालविधवा होत्या. दुष्काळी कामांवर आणि गरीबखान्यांत त्यांना घासभर अन्न मिळे, पण राखणारे कोणी नसे. मूठभर धान्याच्या बदल्यात त्यांचे शोषण करणारे तिथेच टपून असत. अशा काळात पुण्याहून एक विधवा बाई तिथे पोहोचली. तिचे नाव पंडिता रमाबाई.

भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. १८५८ साली सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना दिले. पुराण सांगत हे कुटुंब देशभर फिरे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास रानातली पाने, फळे खात पायी हिंडत राहिले. थंडीच्या रात्री नदीकाठच्या वाळूत खड्डा करून त्यात झोपण्याची वेळ त्यांच्यावर आली.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, १८८० मध्ये लग्न झाले आणि १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात मनोरमा ही लहान मुलगी होती. इंग्लंड-अमेरिकेत शिकून, शिकवून त्या परतल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला.

मध्य प्रांतातून रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व बाया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. म्हणून दौंडजवळच्या केडगावला, सदनाच्या खर्चासाठी घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. तेच पुढचे ‘मुक्ती सदन’. आलेल्या मुली हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, घाबरलेल्या होत्या. त्यांना लगेच पाटी-पुस्तक देऊन उपयोग नव्हता. आधी अंघोळ, स्वच्छ कपडे, औषधपाणी आणि रोज ठरल्या वेळी जेवण, त्यानंतर अक्षरे, असा क्रम होता.

आजचे मानसोपचारही याच क्रमाने जातात. अत्याचार सोसलेल्या मुलाचा मेंदू सतत धोक्याची चाहूल घेत असतो. झोप उडते, दचकायला होते, लक्ष लागत नाही. आता आपण सुरक्षित आहोत, उद्याही जेवण मिळेल, दिवस कसा जाणार हे ठाऊक आहे, अशी खात्री पटल्यावरच हा ताण हळूहळू ओसरतो. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारण्याची घाई म्हणूनच घातक ठरते.

केडगावला दुसरी गोष्ट घडली ती माणसांची. शारदा सदनात आधी शिकलेल्या मुली नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या, त्यांना सांभाळू लागल्या. काल जिला आधार लागत होता, ती आज दुसरीला आधार देत होती. तिसरी गोष्ट म्हणजे हाताला काम. शेती, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा असे उद्योग तिथे उभे राहिले. छापखान्यात मुली खिळे जुळवत. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. जिला जगाने ओझे ठरवले होते, तिला आपल्या हातून काही घडते हे रोज दिसत होते.

या गोष्टींचे महत्त्व विज्ञानाने पुढे कितीतरी वर्षांनी मोजले. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशके अभ्यास केला. अत्यंत कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम, माणुसकी जपणारी प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक तरी खंबीर, प्रेमाचे माणूस होते आणि काही जबाबदारीही त्यांच्यावर होती. मनाची उभारी काही भाग्यवान मुले जन्मतः घेऊन येतात असे नाही. भोवतालची माणसे ती घडवतात.

मात्र मुलीला खंबीर करणे एवढ्यावर रमाबाई थांबल्या नाहीत. १८९७ मध्ये त्यांच्या संस्थेतली एक मुलगी पुण्याच्या प्लेग रुग्णालयात नेली गेली आणि परतलीच नाही. तिथल्या पहारेकऱ्याने तिला ठेवून घेतल्याचे रमाबाईंनी मुंबईच्या वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिले. त्याचे पडसाद इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत उमटले. सरकारने आरोप नाकारले, पण रमाबाई गप्प बसल्या नाहीत. अत्याचाराची लाज सोसणाऱ्या मुलीने बाळगायची नसते, जाब दुसऱ्यांना विचारायचा असतो, हे त्यांनी कृतीने दाखवले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपा सदन’ही उभारले.

त्यांच्या कामावर वादही झाले. रमाबाई इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनातल्या मुलींवर धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे मुक्ती सदन तर उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच चालले. आश्रयाला आलेल्या व्यक्तीची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न आजही प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावा असा आहे.

१९०० च्या गुजरात दुष्काळानंतर मुक्ती सदनातल्या मुली-बायांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही जगाचा निरोप घेतला. केडगावची संस्था आजही सुरू आहे.

आज बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अशा घटनेची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत. मूल काही सांगू लागले तर त्याचे शांतपणे ऐकावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि यात त्याची काही चूक नाही हे त्याला स्पष्ट सांगावे. शाळा, खेळ, जेवणाची वेळ मोडू देऊ नये. उभारीची सुरुवात तिथूनच होते.