डॉक्टर आनंदीबाई जोशी आणि दहा दिवसांचे बालक

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेत आमच्या धर्मग्रामाचा इतिहास, आजवरच्या धर्मगुरूंची नावे व मंदिराच्या बांधकामाची हकीकत वाचकांस अन्यत्र वाचावयास मिळेलच. आम्ही मात्र आमच्या वाट्यास आलेल्या पानांत अशा एका बाईचे चरित्र सांगणार आहोत, की जी आमच्या धर्माची नव्हती व जिला परलोकवासी होऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. ती अगदीच परकी होती असे मात्र नव्हे. मालाड पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत असे. उपनगर जिल्हा निराळा झाला तो 1920 साली. त्या हिशेबाने कल्याणच्या जोशी घराण्याची ही लेक आमच्याच जिल्ह्याची म्हटली पाहिजे.

सेमिनरीत असताना आम्हांस असे शिकविले होते की, नवजात बालक मरणाच्या दारी असेल आणि धर्मगुरू जवळपास नसेल, तर कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेल्या सुईणीनेदेखील, योग्य हेतू मनात धरून, बालकाच्या मस्तकावर पाणी ओतून व नेमलेले शब्द उच्चारून त्यास बाप्तिस्मा द्यावा. तो खरा बाप्तिस्मा होय. एवढा मोठा अधिकार ख्रिस्तसभेने सुईणीच्या हाती दिला आहे. परंतु नाळ कापण्यापूर्वी तेच हात कोणी धुतले होते काय, हा प्रश्न त्या वयात आमच्या मनास शिवलादेखील नाही. आनंदीबाईंचे चरित्र पुढे वाचनात आले, तेव्हा तो शिवला.

31 मार्च 1865 रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे एके काळी संपन्न, पण पुढे उतरती कळा लागलेले. नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. वर गोपाळराव जोशी, पोस्टखात्यातील कारकून, बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोस शिकवू द्यावे, एवढीच त्यांची अट होती. आपल्याकडे हुंड्याच्या अटी सर्वांस ठाऊक आहेत. ही अट ऐकून त्या काळच्या मंडळींस काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. सासरी यमुनेची आनंदी झाली. गोपाळरावांनी तीस शिकविले खरे, पण फार कडक हाताने शिकविले, प्रसंगी मारहाणही केली. ही गोष्ट आनंदीबाईंच्या स्वतःच्या पत्रव्यवहारातून कळते, म्हणून चरित्रकाराने ती झाकून ठेवू नये असे आम्हांस वाटते. गोपाळरावांवाचून आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हेही तितकेच खरे.

चौदाव्या वर्षी आनंदी बाळंत झाली. मुलगा झाला आणि तो दहा दिवस जगला. हिंदू घरात बाराव्या दिवशी बारसे होते. म्हणजे नाव ठेवण्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच बालक गेले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, ही समजूत त्या मुलीच्या मनात घर करून राहिली. स्वतः मूल असलेली ती आई. तिच्या दुःखाचे वर्णन आम्ही करू जाणार नाही.

त्या काळची बाळंतिणीची खोली कशी असे, हे आमच्या धर्मग्रामातील वृद्ध स्त्रियांनी आपल्या आज्यांच्या तोंडून ऐकलेले असेल. घरातील सर्वांत काळोखी खोली, वाऱ्याची फट राहू नये म्हणून दारेखिडक्या बंद, बाजेखाली शेगडी आणि तिचा धूर. नाळ कापावयास हाताशी येईल ते पाते, वर राख किंवा तसलेच काही. आईच्या दुधाचा पहिला चीक वाईट म्हणून पिळून टाकावयाचा आणि बालकास मध किंवा घुटी चाटवावयाची. बाळंतिणीस ताप आला तर दैवावर हवाला. ह्यात दुष्टपणा कोणाचाही नव्हता; आजी व सुईण दोघी जीव तोडून झटत. परंतु मळक्या पात्यातून धनुर्वाताचा शिरकाव होई, आणि चीक टाकल्यामुळे रोगास अटकाव करणारे पहिलेच अन्न बालकास मिळत नसे. जन्मल्यापासून 28 दिवसांच्या आत जी बालके दगावतात, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. म्हणून आता बालक जन्मताच पुसून कोरडे करतात व आईच्या उघड्या छातीशी ठेवितात, म्हणजे त्याची ऊब जात नाही. पहिल्या तासाच्या आतच ते अंगावर पिऊ लागते. नाळ निर्जंतुक केलेल्या पात्याने कापून कोरडी ठेवितात. आणि आईचा रक्तस्राव व ताप यांवर डोळा ठेवितात. ह्यांतील बहुतेक गोष्टींस पैसा फारसा लागत नाही. लागते ते शिकलेले माणूस.

हे अज्ञान केवळ आपल्याच देशात होते, असे कोणी समजू नये. व्हिएन्ना शहरातील मोठ्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाचे हंगेरियन कॅथलिक डॉक्टर होते. शवचिकित्सा करून तसेच बाळंतिणीकडे येणारे वैद्य आपल्या हातांनीच सूतिकाज्वर पोहोचवितात, हे त्यांनी 1847 साली ओळखिले आणि क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी मरत होत्या; जूनमध्ये दोनच मेल्या. तरीही मोठमोठ्या पंडितांनी त्यांस वेड्यात काढले, व अखेरीस वेड्यांच्या इस्पितळातच त्यांचा अंत झाला. ते साल 1865, म्हणजे आनंदीबाईंच्या जन्माचेच.

आता मूळ कथेकडे वळू. बायकोस परदेशी शिकावयास पाठवावे म्हणून गोपाळरावांनी वाइल्डर नामक अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरींच्या द्वारे खटपट आरंभिली. ख्रिस्ती होण्याची तयारी असेल तर पुढे पाहू, अशा आशयाचे उत्तर आले. पतिपत्नींनी ते मानिले नाही. आम्ही धर्मगुरू, कोणी आमच्या प्रभूकडे यावे, ह्याहून अधिक आनंद आम्हांस कशाचा असणार? तरीही मदतीच्या मोबदल्यात मागितलेला धर्म आनंदीबाईंनी नाकारिला, हे योग्यच केले, असे आमचे स्पष्ट मत आहे. गंमत अशी की, तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आला आणि न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नामक गृहिणीने, दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता, तो वाचला. त्यांनी आनंदीबाईंस पत्र लिहिले, आणि पुढे त्या त्यांस मावशीच्या ठिकाणी झाल्या.

गोपाळरावांची बदली तोपर्यंत बंगाल्यात झाली होती. बूट घालून नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी ब्राह्मण बाई पाहून लोक हसत, अपशब्द बोलत. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी भरसभेत आपण परदेशी का जातो, ते सांगितले. आपल्या देशातील स्त्रिया संकोचापायी पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टरांची गरज मोठी आहे. येथे सुइणींचे वर्ग आहेत, परंतु त्यांतील शिक्षण अपुरे आहे. आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता. त्या वेळी त्यांस अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

7 एप्रिल 1883 रोजी त्यांनी कलकत्ता सोडिले. नवरा बरोबर नव्हता. 4 जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांस प्रवेश मिळाला; तेथील प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांस लेकीप्रमाणे वागविले. शाकाहार सुटला नाही, लुगडे सुटले नाही. मात्र तिकडच्या थंडीने प्रकृती ढासळली. 11 मार्च 1886 रोजी त्यांस एम. डी. ही पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र. अभ्यासाचे इतके विषय पुढे असता त्यांनी बाळंतिणीचाच विषय का निवडिला, हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. नोव्हेंबर 1886 मध्ये त्या मुंबईस उतरल्या, त्या क्षयाने खंगलेल्याच. त्याच साली मुंबईत स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा इस्पितळ उघडले होते. म्हणजे ज्या कामासाठी त्या इतक्या दूर गेल्या, त्यास इकडे आरंभ होत होता. त्यांस मात्र एकाही बाळंतिणीची शुश्रूषा स्वदेशी करिता आली नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षे पुरी व्हावयास महिनाभर उरला होता.

येथे आम्हांस आमच्या घरची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आज सिस्टर म्हटले की प्रसूतिगृहातील पांढरा झगा डोळ्यांपुढे येतो. परंतु त्या काळी धर्मभगिनींस प्रसूतीच्या कामात हात घालण्याची मोकळीक नव्हती. ब्रह्मचर्याच्या व्रतास ते शोभत नाही, असा समज होता. ॲग्नेस मॅक्लॅरन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरबाई उतारवयात कॅथलिक झाल्या. रावळपिंडीस स्त्रियांचे इस्पितळ उघडण्याच्या कामी त्या पुढे होत्या, आणि ही आडकाठी दूर व्हावी म्हणून त्यांनी रोमचे उंबरठे पुन्हा पुन्हा झिजविले. 1913 साली त्या वारल्या, तोवर परवानगी आली नव्हती. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ॲना डेंगल यांनी 1925 साली वैद्यकीय सेवेसाठीच संघ स्थापिला. अखेर 11 फेब्रुवारी 1936 रोजी रोमहून आज्ञापत्र निघाले आणि धर्मभगिनींस सुईणीचे व प्रसूतीचे शास्त्र शिकून ती सेवा करण्याची मुभा मिळाली. आनंदीबाईंच्या पदवीस त्या वेळी पन्नास वर्षे होत आली होती. ज्युबिलीच्या वर्षी हा हिशेब आमच्या ध्यानात आला, आणि म्हणूनच आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले.

मृत्यूनंतर आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या घरच्या माणसांसाठी राखलेल्या जागेत पुरली आणि वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभारला. तो अजून तेथे आहे.