अनाथांचे डॉक्टर : यानुश कोर्चाक

अनाथाश्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. एकसारखे कपडे घातलेली, केस बारीक कापलेली मुले रांगेने उभी आहेत. कोणी पाहुणे आले आहेत आणि मुले हात जोडून प्रार्थना म्हणत आहेत. पाहुणे खाऊ वाटतात, चार शब्द बोलतात आणि डोळे पुसत घरी जातात. ह्या चित्रात वाईट असे काही नाही. फक्त त्यात मुलाला स्वतःचे म्हणणे मांडावयास जागा नाही. ती जागा मुलांना मिळावी म्हणून ज्या एका डॉक्टराने आपला चांगला चाललेला धंदा सोडला, लग्न केले नाही आणि शेवटी प्राणही मुलांच्या संगतीत सोडला, त्यांची थोडी ओळख आपल्या मंडळाच्या भगिनींना करून द्यावी, म्हणून हा लेख.

यानुश कोर्चाक हे त्यांचे जन्मनाव नव्हे. ते होते हेन्रिक गोल्डश्मिट. पोलंडमधील वॉर्सा शहरात एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात २२ जुलैला त्यांचा जन्म झाला. साल १८७८ की १८७९ हा घोळ मात्र कायमचा राहिला, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केलीच नाही! वडील वकील, घरात नोकरचाकर, दिवाणखाना सजविलेला. चौकात खेळणाऱ्या गरिबांच्या पोरांत आपल्या मुलाने मिसळू नये, अशी आईची सक्त ताकीद. पण हे वैभव टिकले नाही. हेन्रिक लहान असतानाच वडिलांना मनाचा आजार जडला. त्यांच्या औषधपाण्यात घरातील चीजवस्तू हळूहळू गेल्या आणि १८९६ साली ते वारले. दिवाणखान्यातला हा मुलगा तेव्हापासून लोकांच्या मुलांच्या शिकवण्या करून आईला व बहिणीला हातभार लावू लागला.

१८९८ साली त्यांनी वैद्यकीच्या शिक्षणास आरंभ केला. त्याच वर्षी एका नाट्यलेखन-स्पर्धेसाठी त्यांनी यानुश कोर्चाक हे टोपणनाव घेतले आणि पुढे जगाने त्यांना त्याच नावाने ओळखले. शिकत असताना त्यांचे पाय वळत ते वॉर्साच्या दरिद्री वस्त्यांकडे. तेथे उघड्यावर वाढणारी, भीक मागणारी, चोऱ्या शिकणारी मुले त्यांनी पाहिली आणि १९०१ साली त्यांच्यावर एक कादंबरी लिहिली. तिचे नावच मुळी ‘रस्त्यावरची मुले’. १९०५ साली डॉक्टर होऊन ते मुलांच्या एका इस्पितळात रुजू झाले. मध्यंतरी रशिया-जपान युद्धावर लष्करी डॉक्टर म्हणून जाऊन आले. श्रीमंतांकडून भरपूर फी घ्यावी आणि गरिबाकडून नावापुरती, असा त्यांचा शिरस्ता होता. नाव होत होते, पैसाही मिळत होता. पण बरे करून पाठविलेले मूल पुन्हा त्याच ओलसर खोलीत, त्याच उपासमारीत परत जाते, हे त्यांना दिसत होते. त्यावर कोणत्याही औषधाच्या बाटलीचा उपयोग नव्हता.

ह्याच सुमारास त्यांना एक धडा मिळाला. शहरातल्या गरीब मुलांना उन्हाळ्यात खेड्याची हवा मिळावी म्हणून धर्मादाय संस्था शिबिरे भरवीत. कोर्चाक तेथे देखरेख करावयास गेले ते मोठ्या उत्साहाने. खेळ काय, गमतीजमती काय, सारी जय्यत तयारी! मात्र कोणी कोठे निजावयाचे आणि जेवताना कोणी कोणाशेजारी बसावयाचे, ह्या साध्या गोष्टींचा त्यांनी विचारच केला नव्हता. पहिल्या दिवसापासून भांडणे जुंपली. रात्री निजावयाच्या वेळी असा गोंगाट झाला की ह्या सुशिक्षित, मायाळू डॉक्टराने एका मुलाचा कान धरून त्याला बाहेर काढण्याची धमकी दिली. पोरे जिंकली आणि डॉक्टर हरले. पुढे त्यांनी मुलांना रानात नेले, उपदेश बाजूला ठेवून त्यांच्यात बसले आणि गोंधळ का होतो, काय केले तर थांबेल, हे त्यांनाच विचारले. मुलांनी सांगितलेले उपाय शहाणपणाचे निघाले. आपल्या फजितीची ही सारी हकिकत त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. एवढा मोकळेपणा किती शिक्षकांजवळ असतो?

१९०९ साली त्यांची स्तेफानिया विल्चिन्स्का ह्या तरुणीशी गाठ पडली. १८८६ सालचा त्यांचा जन्म. बेल्जम व स्वित्झर्लंडमध्ये शास्त्रविषयांचे शिक्षण घेऊन त्या परत आल्या होत्या आणि वॉर्सातील ज्यू मुलांच्या एका जुन्या, दाटीवाटीच्या आश्रमात विनावेतन काम करीत होत्या. पोलिश रिवाजाप्रमाणे मुले त्यांना ज्या नावाने हाक मारीत त्याचा अर्थ आपल्या भाषेत स्तेफाबाई असाच होईल, म्हणून आपणही तेच म्हणू. अनाथांना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेने वर्गणी गोळा करून क्रोख्माल्ना रस्त्यावर ९२ क्रमांकाची प्रशस्त इमारत बांधली आणि १९१२ च्या ऑक्टोबरात तेथे ‘अनाथगृह’ सुरू झाले. विजेचे दिवे, मोठाल्या खिडक्या, जेवणाखेळाचे एक भव्य दालन आणि सुमारे शंभर मुले-मुली. कोर्चाकांनी इस्पितळ सोडले आणि माळ्यावरच्या एका खोलीत बिऱ्हाड केले.

कोणास वाटेल, एवढी सोय झाल्यावर मुले आनंदाने नाचली असतील. घडले उलटेच. नव्या शिस्तीला, नव्या नियमांना मुलांनी कसून विरोध केला आणि पहिले वर्ष दोघांनाही फार जड गेले. टाकलेल्या मुलाचा विश्वास विटा-चुन्याने विकत मिळत नाही. तो कसा मिळविला, हे बघण्यासारखे आहे, कारण त्या युक्त्या अगदी घरगुती होत्या.

दालनात एक फलक टांगला. सूचना, तक्रारी, क्षमायाचना, आभार, सारे त्यावर. मोठ्यांना गाठून बोलण्याचे धैर्य ज्याला होत नाही, त्याच्यासाठी एक पत्रपेटी. सापडलेल्या वस्तू ठेवण्यासाठी काचेचे कपाट. त्यात दोऱ्याचा तुकडा, एखादे बटण, वाकडा खिळासुद्धा जपून ठेवीत. पोराच्या खिशातला असला माल आपण कचरा म्हणून चुलीत टाकतो की नाही? कोर्चाकांच्या मते ती सरळसरळ चोरी होती. नव्याने आलेल्या मुलाला तीन महिने एखादे मोठे मूल पालक म्हणून दिले जाई. घरातली झाडलोट, भांडी, वाढप ही कामे मुलेच पाळीपाळीने करीत. झाडू आणि फडकी जिन्याखालच्या अंधारातून काढून त्यांनी निजावयाच्या दालनाच्या दाराशी, सर्वांना दिसतील अशी मानाने ठेविली. ज्यांच्या हातांनी आयुष्यभर केर काढला आहे, त्या आपल्यासारख्या बायकांना ह्या एका गोष्टीवरून त्या माणसाची पारख व्हावी.

सर्वांत गाजले ते मुलांचे न्यायालय. ज्यांच्यावर त्या आठवड्यात फिर्याद नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडीत. कायद्याचे पुस्तक कोर्चाकांनी लिहिले होते. त्यातील पहिली ९९ कलमे ह्या ना त्या कारणाने फिर्याद सोडून देण्याची किंवा क्षमेची. त्यापुढे शंभरशंभरांच्या अंतराने कडक होत जाणारी कलमे, आणि शेवटले हजारावे म्हणजे आश्रमातून काढून टाकणे. मुलाने मुलावर तर फिर्याद करावीच, पण शिक्षकांवर आणि खुद्द डॉक्टरांवरही करावी, अशी मुभा होती. सहा महिन्यांत पाच वेळा कोर्चाक स्वतः आपले अपराध घेऊन त्या न्यायाधीशांपुढे उभे राहिले. एकदा मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा खोटा आळ घेतला म्हणून! रस्त्यावर वाढलेल्या मुलाला न्याय म्हणजे पोलिसाचा दंडुका एवढेच ठाऊक असते. शक्तिमान माणूसही चुकतो आणि चूक कबूल करतो, हे ते येथे पहिल्यांदा पाहत असे.

ही सारी योजना डॉक्टरांच्या डोक्यातून निघाली, असे पुस्तके सांगतात. पण योजना आखणे निराळे आणि शंभर मुलांचे घर रोज चालविणे निराळे. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच कोर्चाकांना रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून जावे लागले, ते १९१८ पर्यंत परतले नाहीत. त्या चार वर्षांत अन्नाची टंचाई आणि साथीचे रोग ह्यांना तोंड देत ते घर उभे ठेविले स्तेफाबाईंनी एकटीने. पुढेही डॉक्टर लेखनात, व्याख्यानांत गुंतलेले असत आणि घराच्या किल्ल्या बाईंच्या कमरेला! होतकरू शिक्षकांना आश्रमात राहावयास जागा देऊन त्यांच्याकडून काम करवून घेण्याची पद्धत होती. प्रत्येकाने मुलांविषयीची आपली निरीक्षणे वहीत लिहावयाची आणि बाईंनी त्यांवर उत्तर लिहावयाचे, असा नेम होता.

युद्धाच्या काळातच, सैन्यात असताना, कोर्चाकांनी ‘मुलावर प्रेम कसे करावे’ हे आपले मुख्य पुस्तक लिहावयास घेतले. परतल्यावर १९१९ साली मारिना फाल्स्का ह्या बाईंच्या साहाय्याने पोलिश कामगारांच्या मुलांसाठी ‘आमचे घर’ हा दुसरा आश्रम निघाला. १९२० साली त्यांना टायफसने गाठले. त्यांची शुश्रूषा करताना आईला तो लागला आणि ती गेली. ही टोचणी त्यांच्या मनातून कधी गेली नाही. पुढे ‘राजा माच्युश पहिला’ ही बालराजाची गोष्ट आली आणि ते घरोघरी पोहोचले. १९२६ साली त्यांनी मुलांनीच लिहिलेले एक साप्ताहिक पत्र सुरू केले. १९३४ पासून नभोवाणीवर ‘म्हातारे डॉक्टर’ ह्या नावाने ते बोलू लागले. नाव लपविले होते, कारण ज्यू माणसाने पोलिश मुलांना शिकवावे हे अनेकांना खपत नव्हते. दोन वर्षांत तो कार्यक्रम बंद पडलाच.

कोर्चाकांच्या आश्रमात सारेच आदर्श होते असे मला वाटत नाही. मुले चौदा वर्षांची झाली की त्यांना आश्रम सोडावा लागे आणि एवढ्या मायेत वाढलेले मूल एकदम गरिबीच्या बाजारात उभे राही. प्रत्येक मुलाविषयी इतर मुलांचे मत चिठ्ठीने घेण्याची पद्धत तर मला निष्ठुरच वाटते. आपण कोणालाच आवडत नाही, हे दहा वर्षांच्या पोराला आकड्यांत कळावे कशाला?

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा पोलंडात शिरल्या. त्याच वर्षी स्तेफाबाई पॅलेस्टाइनमध्ये सुखरूप होत्या. युद्धाचे ढग दिसताच मुलांसाठी त्या मुद्दाम वॉर्साला परत आल्या होत्या. १९४० च्या नोव्हेंबरात शहरातल्या सर्व ज्यूंना भिंतीआड कोंडण्यात आले आणि आश्रमालाही आपली इमारत सोडावी लागली. सामान हलविताना जर्मनांनी मुलांच्या बटाट्यांची गाडी जप्त केली. डॉक्टर पोलिश सैन्याचा जुना गणवेष घालून, ज्यूंना सक्तीची असलेली पट्टी दंडावर न बांधता, जाब विचारावयास गेले. त्यांना तुरुंगात टाकले आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पैसे भरून सोडवून आणले. त्यानंतर साठी उलटलेला, पाय सुजलेला हा माणूस रोज पोते घेऊन दारोदार फिरे, मुलांच्या तोंडात दोन घास पडावेत म्हणून. मुलांची संख्या आता दोनशेपर्यंत गेली होती. तशातही पाळ्यांची यादी लागत होती, फलक होता, न्यायालय भरत होते.

१८ जुलै १९४२ रोजी मुलांनी एक नाटक केले. ते होते आपल्या रवींद्रनाथांचे ‘डाकघर’! आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो, राजवैद्य येऊन सारी दारेखिडक्या उघडतो आणि मूल शांतपणे झोपी जाते. मृत्यूला न भिता सामोरे जावयास मुलांनी शिकावे, म्हणून डॉक्टरांनी हे नाटक निवडले होते. चारच दिवसांनी वस्तीतून माणसे मृत्युछावणीकडे नेण्यास आरंभ झाला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमाची पाळी आली. डॉक्टरांना वाचविण्याची तयारी पुष्कळांनी दाखविली होती. त्यांनी ती प्रत्येक वेळी नाकारली. मुले स्वच्छ कपड्यांत, ओळीने रस्त्याने चालत गेली. पुढे डॉक्टर होते. त्यांच्या मागून मुलांच्या दुसऱ्या तुकडीबरोबर स्तेफाबाई आणि इतर शिक्षक. ट्रेब्लिंकाच्या गाडीतून कोणीही परत आले नाही. डॉक्टरांनी त्या शेवटच्या महिन्यांत लिहिलेली रोजनिशी मात्र ‘आमचे घर’मध्ये भिंतीत लपविलेली राहिली आणि १९५८ साली प्रसिद्ध झाली.

त्याच सुमारास रशियातून सुटलेल्या पोलिश निर्वासितांना आपल्या देशात आसरा मिळाला. जामनगरजवळ बालाचडीला आणि १९४३ पासून आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश मुले राहिली, शिकली, मोठी झाली. १९७८ साली बालहक्कांचा करार व्हावा अशी सूचना संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली ती पोलंडनेच, आणि १९८९ साली तो संमत झाला.

ट्रेब्लिंका येथे आता हजारो ओबडधोबड शिळा उभ्या आहेत. त्यांवर गावांची नावे आहेत. व्यक्तीचे नाव असलेली शिळा एकच, कोर्चाकांची. नावाखाली मुलांचाही उल्लेख आहे. स्तेफाबाईंचे नाव तीवर नाही.