हवेचे पारखी : जॉन स्कॉट हॉल्डेन

पौषात भोपाळच्या मोठ्या तलावावरून येणारा वारा अंगाला झोंबू लागला म्हणजे घरोघरी एकच उद्योग सुरू होतो. खिडक्या लागतात, झरोक्यांत जुनी वर्तमानपत्रे कोंबली जातात; कोठे निजायच्या खोलीत सिगडी येते, तर कोठे चिमुकल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर पेटतो. आपल्या शहरात गॅस हा शब्द उच्चारताच १९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र आठवते. तो वायू कारखान्यातून आला आणि डोळ्यांची आग करीत आला. परंतु दुसरा एक वायू आपल्याच घरात, आपल्याच ज्योतीतून निपजतो. त्याला रंग नाही, वास नाही; तो डोळ्यांत पाणीही आणीत नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याचे स्वरूप ओळखण्यासाठी ज्यांनी तो स्वतःच्या छातीत भरून घेतला, त्या हॉल्डेन यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे.

जॉन स्कॉट हॉल्डेन यांचा जन्म १८६० च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे एका सुखवस्तू घराण्यात झाला. १८८४ मध्ये ते वैद्यकाचे पदवीधर झाले. पण दवाखाना थाटून बसणे त्यांच्या प्रकृतीस मानवणारे नव्हते. डंडी शहरात सहकाऱ्यांसह ते रात्री-अपरात्री गरिबांच्या एकखणी घरांत जात व निजलेल्या कुटुंबांच्या भोवतालची हवा बाटल्यांत भरून आणीत. शाळांच्या वर्गांतील हवाही त्यांनी अशीच तपासली. कोंदटपणा ही नुसती तक्रारीची बाब न राहता मोजण्याची बाब झाली, ती अशा कामामुळे.

१८८७ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तेथे त्यांनी माणूस मावेल एवढी हवाबंद पेटी करविली आणि स्वतःच तीत जाऊन बसले! तासामागून तास गेले, श्वास जड झाला, डोके दुखू लागले. यातून त्यांना असे दिसले की, कोंडलेल्या जागी जीव प्रथम घाबरा होतो तो प्राणवायू उणा पडल्यामुळे नव्हे, तर उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड साचल्यामुळे. याचाच दुसरा अर्थ अधिक भयंकर आहे. नुसता प्राणवायू कमी झाला, किंवा कार्बन मोनॉक्साइड शिरला, तर शरीर इशारा देईलच असा भरवसा नाही.

त्या विषारी वायूचा प्रयोगही त्यांनी स्वतःवरच केला. तो हुंगत बसावयाचे, अधूनमधून बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासावयाचा आणि पाय लटपटू लागेपर्यंत टिपणे करावयाची, असा तो क्रम होता. रक्तातील जो लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून हवेत तो अत्यल्प असला तरी हळूहळू रक्त व्यापून टाकतो. माणूस उठावयास जातो तेव्हा पायांत बळ उरलेले नसते.

१८९६ च्या जानेवारीत वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. हॉल्डेन तेथे धावले. मृतांच्या त्वचेवर गुलाबी छटा होती. बहुतेक माणसे धमाक्याने मेली नसून नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेली, हे त्यांनी सिद्ध केले. आपल्या प्रदेशातील छिंदवाडा-बैतूलकडच्या खाणींत ज्यांचे आप्त काम करतात त्यांना या शोधाचे मोल निराळे सांगावयास नको. चिमुकल्या प्राण्याचा श्वास जलद, म्हणून त्याला विष लवकर बाधते. हे जाणून हॉल्डेन यांनी खाणीत उंदीर वा लहान पक्षी सोबत नेण्याची शिफारस केली. पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी त्यातूनच खाणीत गेला.

एकदा त्यांनी आपल्या लहान मुलालाही खाणीत नेले आणि एका ठिकाणी उभे करून शेक्सपिअरच्या ज्यूलियस सीझर नाटकातले भाषण म्हणावयास सांगितले. म्हणता म्हणता मुलाला धाप लागली व तो खाली कोसळला. तेथे त्याला पुन्हा श्वास घेता आला, कारण मिथेन हलका असल्याने छताशी साचला होता. हा धडा तो मुलगा विसरणे शक्य नव्हते. तथापि कोणत्याही पालकाने त्याचे अनुकरण करू नये!

आता आपल्या न्हाणीघराकडे वळू. सिलिंडरमधील गॅस पुरता जळावा यासाठी एक घनफूट गॅसला सुमारे २५ ते ३० घनफूट हवा लागते. दार लावलेल्या एवढ्याशा खोलीत ती कोठून येणार? ज्योत आपलाच उच्छिष्ट वायू पुन्हा ओढून घेते, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आमच्या कोकणी घरांत रांदणीचा, म्हणजे चुलीचा, धूर कौलांच्या फटींतून आपोआप निघून जाई. सिमेंटच्या छताला ती सोय नाही. बाहेरची हवा आत येण्यास खाली एक वाट हवी, जळका वायू जाण्यास वर दुसरी हवी. नुसता पंखा लावून हवा बाहेर फेकली व आत येण्याची वाट बंद ठेवली, तर तो पंखा धुराड्यातला वायूच उलटा खोलीत ओढतो. गीझर घराबाहेर मोकळ्यावर टांगून आत फक्त पाण्याचा नळ आणणे सर्वांत उत्तम. सिगडीला तर धुराडेही नसते. ती पेटती ठेवून बंद खोलीत निजू नये.

हॉल्डेन यांची पुढील कामगिरीही मोठी आहे. पाणबुड्यांना खोलातून सुखरूप वर आणण्याची कोष्टके त्यांनी तयार केली. १९१५ मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या रणांगणावर जर्मनांनी सोडलेला विषारी वायू क्लोरीन आहे हे ओळखण्यासाठी तेच गेले. पंचाहत्तरी ओलांडण्याच्या सुमारास ते इराण व इराक येथे तेलाच्या कारखान्यांतील कामगारांना उष्माघात का होतो हे पाहण्यास गेले होते. तेथून परतल्यावर १९३६ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्ड येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. आयुष्यभर इतरांच्या श्वासाची चौकशी केलेल्या माणसाची फुप्फुसेच अखेर थकली.

खाणीत कोसळलेला तो मुलगा, जे. बी. एस. हॉल्डेन, पुढे जगद्विख्यात शास्त्रज्ञ झाला, १९५७ मध्ये भारतात आला, येथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारला. ब्रिटनच्या खाणींतील कॅनरी पक्ष्यांची जागा १९८६ पासून विजेवर चालणारी यंत्रे घेऊ लागली.