कुलाब्याच्या सुया आणि सूर्यावरचे डाग

शाहूपुरीत मोबाइलवर रस्ता शोधताना सूर्यावरच्या डागांची आठवण कोणाला होणार? पण तिथे भडकलेली ज्वाळा उपग्रहांचे संदेश बिघडवू शकते. या वादळांचा पृथ्वीवरचा हिशेब मांडणाऱ्यांत मुंबईचे डॉ. नानाभाई मूस अग्रभागी होते.

त्यांचा जन्म १८५९ चा. त्याच वर्षी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचे चित्र काढत असताना एका मोठ्या समूहावर पांढराशुभ्र प्रकाश चमकून गेला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. कुलाबा वेधशाळेत सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली.

डागांच्या जागी सूर्याचे चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते की खालची उष्णता वर येण्यास अटकाव होतो. म्हणून तो भाग थंड आणि काळा दिसतो. या क्षेत्राचा पीळ वाढत जाऊन अचानक सुटला की ज्वाळा भडकते. प्रत्येक डाग भडकतोच असे नाही; गुंतागुंतीचे समूह अधिक धोक्याचे. ज्वाळेचा प्रकाश सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो. तिच्यासोबत कधी कधी विद्युतभारित वायूचा ढगही बाहेर फेकला जातो. तो पृथ्वीच्या दिशेने आलाच, तर सहसा एक ते तीन-चार दिवसांनी धडकतो आणि चुंबकसुया थरथरतात.

एडिंबरोत शिकलेले नानाभाई १८९६ मध्ये कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. थोड्याच वर्षांत मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला. ट्रामच्या प्रवाहाने सुया भरकटल्या असत्या आणि १८४६ पासूनच्या नोंदींची साखळी तुटली असती. म्हणून अलिबागला लोखंड टाळून, पोरबंदरी दगडाची नवी वेधशाळा उभी राहिली. कुलाब्याला लगेच कुलूप घालण्याची घाई मात्र झाली नाही. १९०४ पासून दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली, त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसला. वरवर कारकुनी वाटणारे हे काम, पण खरी दूरदृष्टी यातच.

१९१० मध्ये त्यांनी साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. अनेक वादळांची सरासरी काढून त्यांचा ठरावीक क्रम त्यांनी दाखवला: आधी किंचित चढ, मग मोठी घसरण, नंतर संथ सावरणे. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

१८५९ च्या वादळाची तीव्रता ठरवताना २००३ मध्ये संशोधकांनी कुलाब्याच्याच नोंदी काढल्या. कुलाबा-अलिबागचा वारसा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. वरच्या वातावरणाचा वेध घेणारी तिची उपकरणे कोल्हापुरात, शाहूपुरीपासून काही किलोमीटरवर, शिवाजी विद्यापीठाच्या आवारातही बसवली गेली आहेत.