कोरेगावचा स्तंभ आणि शिवराम जानबा कांबळे

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कंपनी सरकारची सुमारे आठशेंची तुकडी पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. इंग्रजांनी पुढे तेथे विजयस्तंभ उभारला, तो अर्थातच स्वतःच्या कीर्तीसाठी. त्यावरील ४९ नावांपैकी २२ नावे महार शिपायांची आहेत याचे भान राज्यकर्त्यांना फार काळ राहिले नाही. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरतीच बंद झाली.

हे भान पुन्हा जागे करणाऱ्यांत शिवराम जानबा कांबळे अग्रभागी होते. १८७५ साली पुण्यात जन्मलेला हा मनुष्य मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करी. पदवी नाही, पैसा नाही. पण वाचनाचा व्यासंग दांडगा. सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवून त्यांनी सरकारकडे अर्ज धाडला. १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले व मुरळी सोडण्याच्या रूढीवर त्यातून सतत प्रहार केले. १९१० साली जेजुरीच्या परिषदेनंतर थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे निवेदन गेले. मागणी काय, तर पोलीस आणि पलटणीतील शिपायाची जागा! या अर्जांतील राजनिष्ठेची भाषा आजच्या वाचकाला खटकेल. परंतु ज्यांना गावच्या पाणवठ्यावर स्थान नव्हते, त्यांनी दाद मागावी तरी कोणाकडे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनीही हाच मार्ग चोखाळला होता. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून निसटलेल्या पुढाऱ्याने यादवी युद्धात आपल्या बांधवांना सैन्यात शिरण्याचे आवाहन केले. त्याचे दोन पुत्र स्वतः भरती झाले. जो देशासाठी बंदूक उचलतो त्याचे नागरिकत्व नाकारता येणार नाही, हा त्याचा हिशेब. १८७० च्या घटनादुरुस्तीने मताधिकार मिळाला खरा, पण दक्षिणेतील राज्यांनी तो पुढे नाना क्लृप्त्यांनी काढून घेतला. आणि सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा हुकूम निघण्यास १९४८ साल उजाडावे लागले.

कांबळ्यांच्या वाट्यालाही हेच आले. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासताच १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये ती मोडली. रक्ताची पावती गरजेपुरतीच वटते, हे उघड झाले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले, त्या सभेमागे कांबळे होते. मात्र आता अर्जाचा कागद बाजूला पडला होता. ऑक्टोबर १९२९ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ते पर्वतीच्या देवळाच्या प्रवेशासाठी सत्याग्रहात उतरले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दार उघडले नाही आणि जानेवारी १९३० मध्ये लढा थांबवावा लागला. पुण्यासारख्या विद्यानगरीच्या इतिहासात या महिन्यांची नोंद अद्याप फारच त्रोटक आहे.

१९४१ मध्ये, दुसरे युद्ध पेटल्यावर, महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या पहिल्या बोधचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता.